व्यायाम, थकवा आणि फळांचा रस

(शारीरिक शिक्षणाचे शिक्षक, अधिकारी आणि पंचायत सदस्य यांच्यासाठी तयार केलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शरीर कमावण्याची आवड महाराष्ट्राला नवी नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने कोल्हापुरात १९१२ साली खासबागेचे कुस्ती मैदान उभे राहिले. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिक स्पर्धेत कुस्तीचे कांस्यपदक जिंकले आणि स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले. जोर, बैठका, हौद्यातील लढत आणि त्यानंतर दूध-बदामाची थंडाई हा तालमीचा दिनक्रम कित्येक पिढ्यांनी पाळला.

आता तालमीच्या जोडीला गावोगावी व्यायामशाळा आल्या आहेत. पोलीस भरतीसाठी धावण्याचा आणि गोळाफेकीचा सराव करणारी मुले-मुली पहाटे रस्त्यारस्त्यांवर दिसतात. लोखंडी वजने उचलून बळ वाढविण्याचा व्यायाम शाळा-महाविद्यालयांतून रूढ झाला आहे. या नव्या आवडीबरोबर एक नवा बाजारही उभा राहिला आहे. अमुक फळाचा रस घेतला म्हणजे थकवा नाहीसा होतो, तमुक बाटली प्यायली की दुसऱ्या दिवशी अंग दुखत नाही, असे सांगितले जाते. शेतात राबणाऱ्या आईबापांच्या कष्टाचे पैसे या बाटल्यांवर खर्च होतात. तेव्हा या सांगण्यात तथ्य किती आणि अतिशयोक्ती किती, हे नीट समजून घेणे शिक्षकांचे आणि गावकारभाऱ्यांचे कर्तव्य ठरते.

अंग का दुखते?

बऱ्याच दिवसांनी शंभर बैठका मारल्या तर त्या दिवशी फारसे काही वाटत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र जिना उतरताना मांड्या बोलू लागतात. हे दुखणे साधारणपणे चोवीस ते बहात्तर तासांच्या दरम्यान सर्वांत जास्त जाणवते आणि पाच-सात दिवसांत आपोआप ओसरते. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ थिओडोर हफ यांनी १९०२ साली या दुखण्याचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. उशिरा सुरू होणारे हे दुखणे स्नायूंच्या आतील सूक्ष्म इजेमुळे होत असावे, असे मत त्यांनी मांडले होते.

स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचते आणि त्यामुळे दुसऱ्या दिवशी अंग दुखते, असा समज पुष्कळ वर्षे प्रचलित होता. अजूनही तो अनेक ठिकाणी शिकविला जातो. वस्तुतः व्यायामात वाढलेले हे द्रव्य विश्रांतीनंतर तासा-दीड तासात पूर्वपातळीवर येते. दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याचा दोष त्याच्यावर टाकता येत नाही. १९८१ साली स्वीडनमधील संशोधकांनी असे दुखणे असलेल्या स्नायूंचे सूक्ष्म नमुने तपासले, तेव्हा स्नायुतंतूंची आतील रचना ठिकठिकाणी विस्कटलेली आढळली. हफ यांचा तर्क योग्य दिशेने गेला होता, हे त्यावरून दिसून आले.

ही इजा विशेषेकरून कोणत्या हालचालीत होते, हेही आता कळले आहे. स्नायू ताणला जात असताना त्याला जोर लावावा लागला, म्हणजे तंतूंवर सर्वांत अधिक भार पडतो. बैठकीत खाली जाताना, डोंगर उतरताना, उचललेले वजन सावकाश खाली ठेवताना हे घडते. त्यानंतर शरीर दुरुस्तीच्या कामास लागते. त्या जागी सूज येते, रक्तातील पांढऱ्या पेशी जमतात, मोडके भाग दूर केले जातात आणि नवी बांधणी सुरू होते. दुखणे ही या दुरुस्तीची सोबतीण आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, एकदा या प्रसंगातून गेलेला स्नायू तोच व्यायाम काही आठवड्यांच्या आत पुन्हा करावा लागला, तर पहिल्याइतका दुखत नाही. शरीर त्या अनुभवाने शहाणे होते. म्हणूनच जुना पैलवान नव्या मुलाला पहिल्या दिवशी थोडक्याच बैठका घालू देतो. या वडीलधाऱ्या शिस्तीमागे भक्कम शास्त्र आहे.

रसाचा संबंध कोठे येतो?

आपण श्वासाबरोबर घेतलेला प्राणवायू पेशींमध्ये वापरला जात असताना काही अतिशय चंचल कण निर्माण होतात. शास्त्रीय भाषेत त्यांना मुक्त मूलके म्हणतात. ती जवळच्या रेणूंवर आघात करतात. लोखंडाला गंज चढावा, कापलेले सफरचंद काळवंडावे, तसाच हा ऑक्सिडीकरणाचा प्रकार आहे. शरीराजवळ यावर स्वतःचा उपाय असतो. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच या शास्त्रज्ञांनी १९६९ साली अशा मूलकांचा बंदोबस्त करणारे एक विकर शोधून काढले. पुढे १९८२ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी, दमेपर्यंत व्यायाम केलेल्या प्राण्यांच्या स्नायूंत ही मूलके वाढतात, असे प्रत्यक्ष मोजून दाखविले.

फळांना लाल, जांभळा आणि काळसर रंग देणारी काही द्रव्ये, तसेच क जीवनसत्त्व, ऑक्सिडीकरणास आळा घालतात. त्यांनाच अँटिऑक्सिडंट म्हणतात. यावरून विचार असा पुढे आला की, व्यायामाने मूलके वाढतात आणि फळांतील द्रव्ये त्यांना आवरतात, तर फळांचा रस प्यायल्याने स्नायू लवकर सावरावा. विचार सरळ आणि आकर्षक होता. तथापि शास्त्रात आकर्षक विचारालाही प्रयोगाच्या कसोटीवर उतरावे लागते.

प्रयोगांची साक्ष

अमेरिकेतील व्हरमाँट येथे केलेला एक प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. चौदा महाविद्यालयीन युवकांना आठ दिवस, दिवसातून दोन वेळा, आंबट चेरीचा सुमारे साडेतीनशे मिलिलिटर रस देण्यात आला. मधल्या काळात त्यांच्याकडून दंडाचा कठीण व्यायाम करवून घेतला. दुसऱ्या फेरीत त्याच युवकांच्या दुसऱ्या हाताची परीक्षा झाली आणि पेय बदलले. नुसत्या चवीच्या पेयावर असताना पुढील चार दिवसांत दंडाची ताकद सरासरी बावीस टक्क्यांनी घटली. चेरीच्या रसावर असताना ती घट चार टक्केच होती. २००८ सालच्या लंडन मॅरेथॉनमध्ये धावलेल्या वीस जणांवर असाच प्रयोग झाला. ज्यांनी चेरीचा रस घेतला होता त्यांच्या पायांतील ताकद लवकर परतली. दुखण्याच्या बाबतीत मात्र दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही.

आपल्या दृष्टीने अधिक जवळचा प्रयोग डाळिंबाचा आहे. टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी बलवर्धक व्यायामाची सवय असलेल्या सतरा पुरुषांना रोज दोन वेळा डाळिंबाचा रस दिला. त्याचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. दंडाच्या स्नायूंत ताकद अधिक टिकली आणि दुखणेही कमी झाले. मांडीच्या स्नायूंत मात्र रस घेणारे आणि न घेणारे यांच्यात फरक आढळला नाही. मांड्या रोजच्या चालण्या-उतरण्याने सरावलेल्या असतात, हे त्याचे एक कारण असू शकते. तसे असेल तर सराव हा स्वतःच एक औषध आहे, असा त्याचा अर्थ होतो.

एकेका छोट्या प्रयोगावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. म्हणून या विषयावरील पन्नास प्रयोगांचे एकत्रित परीक्षण कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केले. त्यात एकंदर १,०८९ व्यक्तींचा समावेश होता आणि त्यांपैकी ९६१ पुरुष होते. फळांचे रस, अर्क आणि जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा या सर्वांचा विचार त्यात होता. परीक्षकांचा निर्वाळा असा की, अशा द्रव्यांच्या मोठ्या मात्रेमुळे व्यायामानंतरचे दुखणे व्यवहारात जाणवेल इतके कमी होत नाही. स्त्रियांवरील प्रयोग फार थोडे आहेत, हेही या आकड्यांवरून दिसते. भरतीची तयारी करणाऱ्या मुलींना हे निष्कर्ष जसेच्या तसे लावताना ही मर्यादा ध्यानात ठेवावी लागेल.

सारांश, रसाचा काही उपयोग असलाच तर तो ताकद परतण्याच्या वेगात थोडाफार दिसतो, आणि तोही सर्वत्र सारखा नाही. दुखणे पुसून टाकणारे पेय अजून कोणाला सापडलेले नाही.

अति तेथे माती

या विषयाला दुसरी आणि अधिक विचार करायला लावणारी बाजू आहे. मुक्त मूलके शत्रूच आहेत, असे पूर्वी मानले जाई. आता असे दिसून आले आहे की, व्यायामात थोड्या प्रमाणात निर्माण होणारी ही मूलके शरीराला निरोप पोहोचवितात. "काम वाढले आहे, बळ वाढवा" असा तो निरोप असतो. त्या निरोपामुळे पेशी स्वतःची संरक्षणव्यवस्था मजबूत करतात. निरोप्यालाच वाटेत अडविले तर तयारी कशी होणार?

जर्मनीतील येना येथील संशोधकांनी २००९ साली हाच प्रश्न तपासला. चार आठवडे व्यायाम करणाऱ्या पुरुषांपैकी काहींना रोज एक हजार मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि त्यासोबत ई जीवनसत्त्वाची मोठी मात्रा देण्यात आली. व्यायामामुळे शरीर इन्शुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देऊ लागते आणि मधुमेह दूर ठेवण्यास त्याची मदत होते. गोळ्या न घेणाऱ्यांना हा लाभ मिळाला. गोळ्या घेणाऱ्यांना तो मिळाला नाही. नॉर्वेतील ओस्लो येथे दहा आठवड्यांच्या बलवर्धक व्यायामावर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. तेथे गोळ्या घेणाऱ्यांच्या स्नायूंची वाढ खुंटली नाही. परंतु वाढीचे संकेत देणाऱ्या पेशींतील काही क्रिया मंदावल्या आणि ताकदीच्या काही मोजमापांत ते मागे राहिले.

हे निष्कर्ष गोळ्यांच्या मोठ्या मात्रेविषयी आहेत. ताटातील फळाला ते लागू होत नाहीत. एक हजार मिलिग्रॅम ही मात्रा किती मोठी, याची कल्पना तुलनेने येईल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढ पुरुषासाठी क जीवनसत्त्वाची दैनिक शिफारस ८० मिलिग्रॅम आणि स्त्रीसाठी ६५ मिलिग्रॅम ठेवली. एक मध्यम पेरू किंवा एक-दोन आवळे खाल्ले की ती सहज भागते. त्यासाठी औषधाच्या दुकानाची पायरी चढण्याची गरज नाही.

यातून एक व्यावहारिक विवेक निघतो. तालुका किंवा जिल्हा स्पर्धेत लागोपाठ दोन-तीन दिवस लढती असतील, तर उद्याच्या लढतीसाठी आज लवकर सावरणे महत्त्वाचे असते. अशा वेळी चार दिवस रस घेऊन पाहण्यास हरकत नाही. परंतु वर्षभराच्या तयारीच्या काळात शरीराला आव्हान पेलू देणे आणि त्यातून घडू देणे, हेच हिताचे होय.

आपल्या मातीतील फळे

चेरी आपल्या गावात पिकत नाही आणि तिची उणीव भासण्याचेही कारण नाही. डाळिंबाच्या बाबतीत महाराष्ट्र देशात अग्रेसर आहे. पुण्याच्या गणेशखिंड येथील फळसंशोधन केंद्रात १९३६ साली डॉ. चीमा यांनी आळंदी वाणातून निवड केली आणि पुढे 'गणेश' या नावाने ते डाळिंब घरोघरी पोहोचले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या 'भगवा' वाणाने या पिकाला देशाबाहेरची बाजारपेठ मिळवून दिली. सोलापुरात डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, आणि सोलापूर डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच वर्षी सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या कोकमालाही हे मानांकन लाभले. कोकमाचा लाल रंग, जांभळाचा आणि करवंदाचा गडद रंग हे सारे त्याच रंगद्रव्यांच्या कुळातील आहेत.

डाळिंबाविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डाळिंबाच्या रसाची ऑक्सिडीकरणविरोधी शक्ती हिरव्या चहाच्या सुमारे तिप्पट आढळली. मात्र तो रस कारखान्यात अख्खे फळ सालीसकट दाबून काढलेला होता. घरी नुसते दाणे पिळून काढलेल्या रसात ही शक्ती त्याहून कमी असते, कारण ती द्रव्ये सालीत मोठ्या प्रमाणात असतात. तेव्हा बाटलीवरील दावा घरच्या पेल्याला आणि घरच्या पेल्याचा अनुभव बाटलीला जसाच्या तसा लावता येत नाही.

रसाबरोबर साखरही येते. डाळिंबाच्या अडीचशे मिलिलिटर रसात सुमारे तीस ग्रॅम साखर असते; वरून घातलेली निराळीच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली घालून दिलेल्या मर्यादेनुसार, दोन हजार उष्मांकांचा आहार घेणाऱ्या माणसाने अशी मोकळी साखर दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आत ठेवावी. फळाच्या रसातील साखरेचाही त्यात हिशेब आहे. प्रयोगांप्रमाणे दिवसाला दोन पेले रस घेतला तर ही मर्यादा ओलांडली जाते. अख्खे फळ खाल्ले तर चोथा पोटात जातो, भूक भागते आणि साखर रक्तात सावकाश उतरते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या आहारविषयक मार्गदर्शनातही रसापेक्षा अख्ख्या फळाला पसंती दिली आहे. मधुमेही व्यक्तीने तर वैद्याच्या सल्ल्यावाचून रसाच्या वाटेला जाऊ नये. कोकम सरबत गोड करताना हात आखडता घ्यावा.

खरी भरपाई कशाने होते?

झिजलेला स्नायू पुन्हा बांधायचा तर त्याला विटा हव्यात. या विटा म्हणजे प्रथिने. ती डाळ, उसळ, शेंगदाणे, दूध, दही, अंडी, मासे यांतून मिळतात. भाकरी-भातातून इंधन मिळते. घामावाटे गेलेले पाणी आणि मीठ भरून काढायला ताक किंवा लिंबू-मिठाचे पाणी पुरते. याच्या जोडीला सात-आठ तासांची झोप हवी, कारण दुरुस्तीचे मोठे काम विश्रांतीत होते. तालमीतील दुधाची थंडाई टिकून राहिली, ती यामुळेच. तिच्यात पाणी, प्रथिने आणि उष्मांक तिन्ही होते. या पायावर फळ म्हणजे कळस. पाया नसता नुसता कळस कोठे ठेवणार?

शिक्षकांनी आणखी एक सावधगिरी बाळगली पाहिजे. सगळेच दुखणे निरुपद्रवी नसते. सवय नसताना एकाच दिवशी बेसुमार व्यायाम करवून घेतला, विशेषतः उन्हाळ्यात, तर स्नायू मोठ्या प्रमाणावर फुटतात आणि त्यांतील द्रव्ये मूत्रपिंडांवर भार टाकतात. लघवी काळ्या चहासारखी होणे, स्नायू सुजून कडक होणे, विलक्षण अशक्तपणा येणे ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी रस, मालीश किंवा घरगुती उपाय करीत वेळ घालवू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे. शिक्षा म्हणून शेकडो उठाबशा काढायला लावणे याच कारणासाठी घातक आहे.

गावाने काय करावे?

यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. व्यायामशाळेत पिण्याच्या शुद्ध पाण्याची सोय असावी. वजने कोणत्या क्रमाने आणि किती बेताने वाढवावीत, हे सांगणारा जाणता माणूस तेथे असावा. पहिले दोन आठवडे नवख्या मुलाला हलका व्यायाम द्यावा, हा नियम भिंतीवर लिहून ठेवावा. शाळेच्या आवारात, गायरानाच्या कडेला आवळा, पेरू, जांभूळ यांची झाडे लावावीत. महागड्या बाटल्यांची जाहिरात व्यायामशाळेच्या भिंतीवर करू देऊ नये. डाळिंब पिकविणाऱ्या भागात बाजारात न खपणारी पण खाण्यास उत्तम अशी लहान आकाराची फळे मुलांपर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था शेतकऱ्यांच्या सहकार्याने करता येईल. त्यात शेतकऱ्याचेही हित आहे.

शेतकऱ्याच्या मालाचा खप वाढावा, ही इच्छा सर्वांचीच आहे. परंतु न सिद्ध झालेल्या गुणांच्या जोरावर वाढलेला खप टिकत नाही. डाळिंब, कोकम, आवळा ही फळे चवीला उत्तम आणि पोषणाला मोलाची आहेत. तेवढे खरे सांगितले तरी ती विकली जातील. आणि पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या मुलीला आज अंग दुखत असेल, तर तिला एवढेच सांगावे की, आज हलके चालावे, पोटभर जेवावे, एक पेरू खावा, वेळेवर झोपावे आणि परवा पुन्हा मैदानावर यावे. तिचे शरीर तोवर आपले काम करीत असेल.